‘संस्थान असतं तर…’ : करवीरच्या प्रजेचा विसरलेला इतिहास

१/
दरवर्षी २६ जून जवळ आला, की समाजमाध्यमांवर एकाच आशयाचे लेखन आणि एकाच चालीच्या चित्रफिती फिरू लागतात. राजर्षींची गाडी, ती रस्त्यात अडवणारा फाटका माणूस, जागच्या जागी मिळालेला न्याय, आणि शेवटी एक उसासा : ‘आज संस्थान असतं तर!’ शिवाजी पेठेतल्या कट्ट्यांवर तर हा उसासा बारमाही आहे. रस्त्याला खड्डा पडला तरी तो निघतो आणि रंकाळ्याच्या पाण्याला वास आला तरी निघतो.

हा धागा त्या उशाशाविरुद्ध आहे. तो इतिहासाला धरून नाही, आणि ज्या राजाच्या नावाने तो टाकला जातो, त्या राजाच्या कामाचीही तो किंमत कमी करतो, असे माझे म्हणणे आहे. सविस्तर मांडतो. मतभेद असतील तर ते पुराव्यानिशी मांडावेत, एवढीच अपेक्षा.

२/
प्रथम आकारमान. १९०१ च्या खानेसुमारीत करवीर संस्थानाची लोकसंख्या सुमारे ९ लाख, क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस मैल, आणि राजधानी कोल्हापूरची वस्ती ५४ हजारांच्या आसपास. काटेकोर अर्थाने हे नगरराज्य नव्हे. त्यात शेकडो खेडी होती, विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरी होत्या. परंतु सत्तेच्या दृष्टीने पाहिले तर सारे रस्ते एकाच गावात, किंबहुना एकाच वाड्यात येऊन थांबत. नोकरी तेथे, न्याय तेथे, शिक्षण तेथे, कुस्तीचे बक्षीस तेथे आणि तुरुंगही तेथेच.

५४ हजारांचे शहर म्हणजे काय, याची कल्पना करा. वरुणतीर्थ वेशीपासून गंगावेशीपर्यंत पायी जाणाऱ्या माणसाला निम्मे लोक ओळखतात.

३/
नगरराज्यातील नागरिकांनी एकमेकांना ओळखले पाहिजे, म्हणून ते फार मोठे असू नये, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. संस्थानकाळाचे गोडवे गाणारे नकळत तेच सांगत असतात : राजा जवळ होता, तो नावानिशी ओळखत होता.

मान्य. पण ओळख दुधारी असते. जेथे राजा तुम्हाला ओळखतो, तेथे कारभारीही ओळखतो, फौजदारही ओळखतो, आणि तुमच्या भावकीचे दरबारात कोणाशी जुळते व कोणाशी बिनसले आहे, हेही सर्वांना ठाऊक असते. मुंबईत माणूस गर्दीत हरवू शकत होता. कोल्हापुरात ती सोय नव्हती.

४/
आता उशाशातील मोठी चूक. ‘संस्थान’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे १८९४ ते १९२२ ही २८ वर्षे येतात. त्यापूर्वीची आणि त्यानंतरची वर्षे कोणाची होती?

महाराणी ताराबाईंपासून धरले तर करवीरच्या गादीवर ‘शिवाजी’ या नावाचे पाच छत्रपती झाले. ताराबाईंचे पुत्र पहिले. १७६२ मध्ये दत्तक आलेले दुसरे. १८३८ मध्ये गादीवर आलेले बाबासाहेब तिसरे. १८७१ चे दत्तक चौथे. आणि १९४० नंतरचे पाचवे. (नामावळ्यांत क्रमांकांचा घोळ होतो तो थोरल्या महाराजांना मोजायचे की नाही यावरून.) या पाचांत एक गोष्ट समान आहे. गादीवर आले तेव्हा पाचही जण अल्पवयीन होते.

५/
हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. थोडी जमाखर्चाची वही मांडू.

१८३८ ते १९४९ हा काळ १११ वर्षांचा. त्यात सज्ञान आणि अधिकारप्राप्त छत्रपती किती वर्षे होते? बाबासाहेबांना कारभार परत मिळाला १८६२ च्या तहाने आणि १८६६ मध्ये ते वारले : चार वर्षे. शाहू महाराज १८९४ ते १९२२ : अठ्ठावीस. राजाराम महाराज १९२२ ते १९४० : अठरा. शेवटचे शहाजी महाराज १९४७ ते १९४९ : दोन. बेरीज ५२. म्हणजे निम्म्याहून अधिक काळ ‘जवळ असलेला राजा’ हा एकतर लहान मूल होता किंवा अधिकाराविना होता. त्याच्या नावाने कारभारी, रीजन्सी आणि पोलिटिकल एजंट राज्य करीत होते.

६/
एक माणूस कल्पू. १८३८ मध्ये पेठेत जन्मलेला, दीर्घायुषी, गाव न सोडलेला. त्याच्या आयुष्यात काय काय घडते ते पाहा.

तो पाच वर्षांचा असताना, १८४३ मध्ये, कंपनी सरकार दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी म्हणून बसवते. सहा वर्षांचा होतो तेव्हा सामानगड आणि भुदरगडचे गडकरी उठतात. उठाव मोडला जातो, आणि पुढे गडांची तटबंदी उतरवली जाते. एकोणिसाव्या वर्षी, जुलै १८५७ मध्ये, सत्ताविसावी पलटण बंड करते; त्याच डिसेंबरात शहराच्या वेशी बंद करून पुन्हा उठाव होतो आणि जेकब तो चिरडतो. राजाचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेतात. ते पुन्हा कोल्हापूर पाहत नाहीत. १८६९ मध्ये तिकडेच वारतात.

७/
तो बत्तीस वर्षांचा असताना तरुण राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीत, फ्लॉरेन्स येथे, ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारतात. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. तेथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आजही आहे, आणि जवळच्या पुलाला तेथील लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. फ्लॉरेन्स हे एकेकाळचे खरेखुरे नगरराज्य, आणि तेही प्रजासत्ताक. तेथील मेदिची घराण्याने चित्रकारांना पोसले, शहर नटवले, आणि १५३२ मध्ये त्या प्रजासत्ताकाची रीतसर डची झाली. दिलदार आश्रयदाता मिळाला की नगरे आपला अधिकार किती सहज हातावेगळा करतात, याचे ते जुने उदाहरण. आमच्या राजाची रक्षा त्याच गावच्या नदीत गेली.

८/
आपला माणूस पंचेचाळीस वर्षांचा होतो. चौथे शिवाजी महाराज ‘वेडसर’ ठरवले गेले आहेत. कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, अशी पत्रे प्रसिद्ध होतात. पत्रे बनावट निघतात. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढतात. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, नगरच्या किल्ल्यात पहारेकरी ग्रीन या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत तो विशीतला राजा मरतो.

पाहा : राजा कोल्हापूरचा, त्याच्यासाठी तुरुंगात गेले पुण्याचे संपादक, खटला चालला मुंबईत, मृत्यू झाला नगरला. राजधानीतल्या माणसाच्या वाट्याला काय आले? अफवा. लहान राज्यात बातमी सर्वांत वेगाने पसरते आणि खात्रीने काहीच कळत नाही.

९/
१८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचे यशवंतराव दत्तक येतात आणि शाहू होतात. १८९४ मध्ये त्यांना अधिकार मिळतात तेव्हा आपला माणूस छप्पन्न वर्षांचा, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने म्हातारा झालेला आहे. त्याने आयुष्यभर ‘संस्थानात’ काढले. ज्या राजाच्या आठवणीने आपण हळहळतो, तो राजा त्याला आयुष्याच्या उतरणीवर भेटला. त्याचा बाप आणि आजा तर त्याला पारखेच राहिले.

१०/
यावर आक्षेप ठरलेला आहे : ‘हे सगळे इंग्रजांनी केले.’ अंशतः खरे आहे. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहाने करवीरने मालवण दिले, आणि कंपनीला विचारल्यावाचून कोणाशी लढण्याचा अधिकारही दिला. त्यानंतर बालराजा म्हणजे इंग्रजांना आयतीच संधी होती.

पण ज्या राज्याची सारी घटना एका माणसाच्या वयावर उभी आहे, ते राज्य अशी संधी देणारच. १७६२ नंतरही राजा बालकच होता. तेव्हा जिजाबाईंसारखी खमकी बाई होती म्हणून राज्य टिकले. १८३८ नंतर तसे कोणी निभावले नाही. राज्याचे नशीब वाड्यात कोण जन्मते, कोण मरते आणि कोण दत्तक येते यावर ठरत होते. पेठेतल्या माणसाचा त्यात कोठेही संबंध नव्हता.

११/
आता शाहू महाराजांकडे येऊ. वेदोक्ताची कथा आपणा सर्वांना पाठ आहे. ती पुन्हा सांगत नाही. मला महत्त्वाचे वाटतात ते आकडे.

१८९४ मध्ये संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारपदे होती. त्यांपैकी ६० ब्राह्मणांकडे. कारकुनीच्या ५०० जागांपैकी ब्राह्मणेतर फक्त १०. हे आकडे पुष्कळदा उद्धृत होतात, परंतु त्यातला पहिला आकडा नीट पाहिला जात नाही. एकाहत्तर! नऊ लाखांच्या राज्याचे भवितव्य ठरवणाऱ्या खुर्च्या एका दिवाणखान्यात मावतील एवढ्याच होत्या.

लहान राज्याचे मर्म येथे आहे. जागा इतक्या कमी असल्या, की एखादा गट त्या सहज व्यापतो. त्यासाठी कट लागत नाही. भाचा, जावई, शेजारी पुरतात. आणि एकदा व्यापल्या, की बाहेरच्या माणसाला दुसरे दारच उरत नाही, कारण त्या गावात मोठी पेढी नाही, गोदी नाही, दुसरे सरकार नाही.

१२/
त्याच लहानपणाची उलट बाजूही आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २६ जुलै १९०२ चा आदेश निघाला तेव्हा महाराज विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो आदेश. १९१२ पर्यंत पदे ९५ झाली होती आणि ब्राह्मण अधिकारी ३५ उरले होते. शेकडा ८४ वरून शेकडा ३७ वर, अवघ्या १८ वर्षांत.

मुंबई इलाख्यासारख्या अवाढव्य यंत्रणेत एवढा पालट इतक्या लवकर झाला नसता. येथे तो झाला, कारण खुर्च्या थोड्या होत्या आणि हुकूम एकाचा होता. गोडवे गाणाऱ्यांना येथवर माझी पूर्ण संमती आहे. फक्त पुढचा प्रश्न त्यांनी टाळू नये : एका हुकमाने जे येते, ते दुसऱ्या हुकमाने जाऊ शकते की नाही?

१३/
गंगाराम कांबळे यांची हकिगत घ्या. सरकारी पागेतला हा नोकर. मराठ्यांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, त्याला भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढून दिले, आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले. बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही तो घ्यावा लागला. अस्पृश्यतेच्या इतिहासात इतकी देखणी गोष्ट क्वचितच सापडेल, आणि चित्रफितींची ती लाडकी आहे.

मी विचारतो : सरदारांनी चहा घेतला तो गंगारामाचा हक्क मान्य करून, की गाडी थांबली म्हणून? आणि महाराजांची गाडी ज्या रस्त्याने जात नव्हती, त्या रस्त्यावरच्या गंगारामांचे काय?

१४/
गंमत अशी, की हा प्रश्न खुद्द शाहू महाराजांना पडला होता. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी. त्याच वर्षी बलुतेदारीच्या बंधनातून मुक्तता. त्याच वर्षी महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद. विधवा पुनर्विवाहाचा कायदा, आंतरजातीय विवाहाचा कायदा, जोगतिणींविषयीचा कायदा. आयुष्याच्या अखेरच्या पाच वर्षांतील ही धांदल पाहिली, की जाणवते : या माणसाला रस्त्यावर न्याय वाटत फिरण्याचा कंटाळा आला होता. जे आपल्या दयेवर चालले आहे, ते कायद्याच्या कागदावर आणावे, अशी त्याची धडपड होती.

वसतिगृहांचेही तेच. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे निघाली. जागा आणि पैसा दरबाराने दिला, पण अनेक ठिकाणी कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींकडे गेला. म्हणूनच ती संस्थानानंतरही उभी राहिली.

चित्रफितीतला राजा गाडी थांबवतो. खरा राजा आपली गाडी थांबण्याची गरज पडू नये म्हणून खटपट करीत होता. यांपैकी कोणता अधिक मोठा?

१५/
तरीही एक उणीव झाकता येत नाही. हे सारे कायदे हुजूर हुकमाने झाले. ज्यांच्यासाठी झाले, त्यांना ते राखण्याचा अधिकार मिळाला नाही. ६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले, तेव्हा कोल्हापूरच्या प्रजेपाशी त्यांची आठवण होती, मतपत्रिका नव्हती.

आश्रय माणसाचा असला की तो माणसाबरोबर जातो. दरबारगायक अल्लादिया खाँसाहेब महाराजांच्या मृत्यूनंतर मुंबईला गेले. जयपूर-अत्रौली गायकीचा पुढचा बहर मुंबईने पाहिला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिची कारणे वेगळी होती, बाजाराची होती. पण लहान राजधानीचे हे दुखणे जुनेच : येथे माणूस घडतो, आणि मोठा झाला की त्याला गाव अपुरे पडते.

१६/
राजाराम महाराजांना खलनायक करण्याचे कारण नाही. राजारामपुरी त्यांच्या काळात वसली, १९३९ मध्ये विमानतळ झाला. पण त्याच १९३९ मध्ये आणखी एक गोष्ट जन्मली, जिच्याबद्दल मला आजवर एकही चित्रफीत दिसलेली नाही : कोल्हापूर संस्थान प्रजापरिषद.

माधवराव बागल यांचे नाव आपण चित्रकार आणि पुतळे उभारणारे म्हणून ऐकतो. हाच माणूस शेतसाऱ्याच्या ओझ्याविरुद्ध शेतकऱ्यांना उभे करीत होता, जबाबदार राज्यपद्धती मागत होता, आणि त्यासाठी स्वकीय राजाच्या तुरुंगात गेला. रत्नाप्पा कुंभार १९४२ मध्ये भूमिगत झाले आणि पुढे भारताच्या संविधान सभेत बसले. ही माणसे शाहूविरोधक नव्हती. बागल तर सत्यशोधकाच्या घरातले, शाहूंच्या विचारांत वाढलेले. त्यांना राजा नकोसा झाला तो तो वाईट होता म्हणून नव्हे. राजा चांगला निघेल की वाईट, या जुगारावर जगणे त्यांना नकोसे झाले होते.

१७/
‘तेव्हा दुसरा मार्गच नव्हता’ असे म्हणणाऱ्यांनी औंधकडे पाहावे. ७२ गावांचे हे संस्थान, आपल्यापुढे चिमुकलेच. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्याच १९३९ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार करून, सत्ता प्रजेच्या हाती दिली. ग्रामपंचायतीपासून वर चढत जाणारी ती रचना होती. मार्ग होता. करवीर दरबाराने तो घेतला नाही.

१८/
आणि मग इतिहासाने तीच जुनी रीत पुन्हा गिरवली. १९४० मध्ये राजाराम महाराज वारले. पुन्हा दत्तक, पुन्हा बालक, पुन्हा रीजन्सी. देश ‘छोडो भारत’च्या वणव्यात असताना करवीरच्या गादीवर एक तान्हे मूल होते, ते १९४६ मध्ये दगावले. १८३८ आणि १९४०, मध्ये शतक गेले, आणि घटना तीच : वाड्यातील पाळणा.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर कोल्हापुरात जी जाळपोळ झाली, तीत ब्राह्मणांची घरे जळाली आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. सर्वांना ओळखणाऱ्या या गावात कोणाचे घर कोणते हे विचारावे लागले नाही. तिसऱ्या मुद्द्यात मी ओळखीला दुधारी म्हटले, त्याचा हा पुरावा. त्याच वर्षी भारत सरकारने प्रशासक नेमला, आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

१९/
सिंगापूरचे उदाहरण देणाऱ्यांसाठी थोडक्यात. लहान राज्ये भरभराटतात, हे खरे. पण सिंगापूरला १९६५ पासून स्वतःचे परराष्ट्र धोरण आहे, स्वतःचे बंदर आहे, आणि ली क्वान यू यांनाही निवडणुकीला उभे राहावे लागत असे. करवीरने परराष्ट्र धोरण १८१२ मध्येच गमावले होते. तुलना करायचीच तर ती सांगली, मिरज, जमखिंडीशी करावी.

२०/
विलीनीकरणात कोल्हापूरने काही गमावले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. राजधानीचे जिल्ह्याचे ठिकाण झाले. संस्थानाचे स्वतःचे वरिष्ठ न्यायालय होते. १९४९ नंतर शिवाजी पेठेतल्या पक्षकाराला अपिलासाठी मुंबईची गाडी धरावी लागली. जमिनीच्या दाव्यात दोन पिढ्या गेलेली घरे पेठेत अनेकांना माहीत असतील. विद्यापीठासाठी १९६२ उजाडले. हे नुकसान खरे आहे, आणि त्याबद्दलचा राग रास्त आहे.

पण ते नुकसान भरून कसे आले तेही पाहा. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे काम तेथे येते. त्यासाठी वकिलांनी कामकाजावर बहिष्कार घातले, साखळी उपोषणे केली, मोर्चे काढले, एका पिढीने दुसरीच्या हाती निवेदने दिली. त्यात कोणाचीही गाडी रस्त्यात अडवली गेली नाही, आणि वाड्यातील कोणी सज्ञान होण्याची वाटही पाहावी लागली नाही.

पुढच्या धाग्यात प्रजापरिषदेच्या मागण्या एकेक करून पाहू. बागलांविषयी घरात जुनी कात्रणे, पत्रके असतील त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी त्यांची छायाचित्रे जरूर काढून ठेवावीत.